सातांच्या गणतीत नसलेलं बेट

तुम्ही अंधेरीत राहता? बोरिवलीत? मुलुंडला, घाटकोपरला? मग तुम्ही बेटावर राहता! चारही बाजूंनी पाणी असलेल्या खऱ्याखुऱ्या बेटावर! आणि हे बेट मुंबईच्या त्या प्रसिद्ध सात बेटांमधलं नाही. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही यादी शाळेत सगळ्यांनी घोकलेली असते. पुन्हा एकदा म्हणून बघा, त्यात आपलं एकही उपनगर सापडणार नाही. आपलं बेट त्या सातांच्या उत्तरेला आहे. ती सातही पोटात घालून वर जागा उरेल एवढं मोठं, सुमारे सहाशे चौरस किलोमीटरचं. त्याचं नाव साष्टी.

हे कळल्यापासून मला घरात बसवत नाही. बोरिवलीत राहून ‘आम्ही मुंबईच्या बाहेर राहतो’ असं म्हणायची इतकी सवय झालेली असते, की आपण कशाच्या आत राहतो हे विचारायचं राहूनच जातं. मी नकाशा उघडला आणि पाण्याच्या कडेकडेने बोट फिरवत गेलो. पश्चिमेला अरबी समुद्र, तो तर दिसतोच. उत्तरेला भाईंदर सोडलं की विरार गाडी लांबलचक पुलावर चढते, ती वसईची खाडी. कल्याणकडून येणारी उल्हास नदी ठाण्याच्या वरच्या अंगाला येते, तिचा मोठा प्रवाह पश्चिमेला वळतो आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. दुसरा लहानसा फाटा दक्षिणेला उतरून ठाण्याच्या खाडीत जातो. म्हणजे मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर यांच्या पूर्वेला पाणी. आणि दक्षिणेला मिठी नदी, माहीमची खाडी. झालं की वर्तुळ पूर्ण!

आता लोकलमध्ये बसा. वांद्रे सुटलं आणि माहीम यायच्या आधी खिडकीतून काळपट पाणी आणि कांदळवन दिसतं. तिकडे नाक मुरडून आपण मोबाइलमध्ये डोकं घालतो. अहो, त्या क्षणी आपण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात असतो! रोज सकाळी लाखो माणसं डबा घेऊन समुद्राचा एक फाटा ओलांडतात आणि संध्याकाळी तो ओलांडून परत येतात. एवढं मोठं बेटांतर रोज करणारी माणसं जगात किती ठिकाणी असतील?

बेटाच्या मधोमध डोंगर आहे. राष्ट्रीय उद्यानाचा हा डोंगर साडेचारशे मीटरच्या वर चढतो आणि उद्यानाचा पसारा शंभर चौरस किलोमीटरहून जास्त आहे. मुलुंडकर आणि बोरिवलीकर एकाच डोंगराच्या दोन अंगांना राहतात, पण एकमेकांकडे जायचं तर वळसा घालून जातात. या डोंगराच्या परिसरातच आपल्या नद्या उगम पावतात. दहिसर, पोईसर, ओशिवरा पश्चिमेला धावतात, मिठी विहार-पवईचं पाणी घेऊन दक्षिणेला उतरते. आपण त्यांना नाले म्हणतो, पण नकाशात त्या डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या पुऱ्या नद्या आहेत. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं तेही इथलंच. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. तहान त्या सात बेटांची होती, पाणी साष्टीचं.

आणि जमीन? अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. सभोवती इमारती, रिक्षा, हॉर्न, आणि त्यात एकदम सरळ उभा सुमारे दोनशे फुटांचा काळा कडा! जवळ जाऊन बघाल तर हा दगड एकसंध ढिगासारखा नाही. त्याचे उभे खांब आहेत, एकाला एक चिकटलेले, कोन असलेले, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. सहा कोटी वर्षांहून आधी तापलेला लाव्हारस थंड होताना आकसला, आकसताना तडकला, आणि ते तडे अशा नियमाने गेले की दगडाचे खांब झाले. अमेरिकेत वायोमिंगमध्ये असाच खांबांचा डोंगर आहे, डेव्हिल्स टॉवर, तो बघायला जगभरातून माणसं जातात. आपला अंधेरी स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. वर जायला पायऱ्या आहेत, माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. तिथून पश्चिमेला बघितलं की इमारतींच्या पलीकडे समुद्राची रेघ दिसते आणि पूर्वेला डोंगर. त्या माथ्यावर उभं राहिल्याशिवाय बेट म्हणजे काय ते कळत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

या दगडात माणसाने काय काय केलं ते बघायला निघालो आणि वेडाच व्हायची पाळी आली. अंधेरी पूर्वेला महाकाली गुंफा आहेत, म्हणजे जुन्या कोंडिविटे गावची बौद्ध लेणी. तिथल्या चैत्यगृहात आत शिरलं की समोर एक गोल झोपडी उभी! खडकातच कोरलेली, वाटोळी भिंत असलेली, भिंतीला जाळीच्या खिडक्या कोरलेल्या, आणि त्या झोपडीच्या पोटात स्तूप. पश्चिम भारतातल्या लेण्यांत असला प्रकार फार विरळा, त्याचं नातं थेट बिहारच्या बराबर डोंगरातल्या गुंफांशी सांगतात. बसच्या पाटीवर रोज वाचायच्या ‘महाकाली गुंफा’ या नावामागे हे दडलंय! जोगेश्वरीची गुंफा तर सहाव्या शतकातली, भारतातल्या सर्वांत आधीच्या मोठ्या शैव लेण्यांपैकी एक, आणि तिच्या डोक्यावर वस्ती चढलेली.

उद्यानाच्या डोंगरातल्या कान्हेरीच्या लेण्यांबद्दल लिहायला बसलो तर हा लेख तिथेच संपेल. शंभराहून जास्त लेणी, इसवीसनाच्या आधीपासून पुढची हजारएक वर्षं चाललेलं काम. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दोन टोकांना बावीस-तेवीस फुटी दोन बुद्ध उभे आहेत, त्यांच्यासमोर गप्प उभं राहावंच लागतं. पण माझं मन अडकलं ते पाण्यापाशी. जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात एक चौकोनी तोंड आहे, आत टाकं. कड्यावरून ओघळणारं पाणी त्या टाक्याकडे वळावं म्हणून दगडात बोटभर रुंदीच्या पन्हळी खोदलेल्या आहेत. ओणवं होऊन एकीच्या काठावरून बोट फिरवलं. छिन्नीचे ठसे अजून हाताला लागतात! बसायला दगडी बाक, एका लेण्यातून दुसऱ्याकडे जायला खडकातल्या पायऱ्या. ही एक पुरती वसाहत होती, भिक्षूंची, विद्यार्थ्यांची, येणाऱ्याजाणाऱ्यांची.

आणि ती जंगलात एकटी पडलेली नव्हती. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावं वाचायला मिळतात: कल्याण, सोपारा, नाशिक, चेऊल. व्यापारी, सोनार, लोहार यांनी पैसा दिला. बंदरांत जहाजं लागत होती, माल घाटावर चढत होता, आणि त्या कमाईतला वाटा या डोंगरात दगडाचा होत होता. पुढे लेणी जुनी झाल्यावरही माणसं बघायला येतच राहिली. १००९ आणि १०२१ साली काही पारशी मंडळी इथे आली आणि पहलवी लिपीत आपली नावं भिंतीवर कोरून गेली! हजार वर्षांपूर्वी कान्हेरीची सहल! लेण्यांच्या भिंतीवर नाव लिहिणाऱ्यांचा मला एरवी राग येतो, पण या मंडळींना दंडवत, कारण पारशी लोक या किनाऱ्यावर होते याचा तो अस्सल पुरावा आहे.

मला मुळापासून हलवलं ते मात्र एकसरने. बोरिवली पश्चिमेला एकसर गाव आहे, आता मेट्रोचं स्टेशनही त्या नावाचं आहे. तिथे वीरगळ आहेत. वीरगळ आपण घाटावर गावोगावी बघतो: खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, चंद्र-सूर्य, आणि शेंड्यावर कलश. एकसरचे दगड माणसाहून उंच. खालच्या पट्टीपाशी मी उकिडवा बसलो, नेहमीचे घोडे आणि ढालतलवारी शोधत होतो. एका दगडावर होड्या दिसल्या! उंच वर उचललेली नाळ, डोलकाठी, आणि कडेने एका ओळीत वल्ही, एकसारखी, मोजून घ्यावीत अशी. होड्यांत खच्चून भरलेले सैनिक. वरच्या पट्टीत होड्या एकमेकींना भिडलेल्या, माणसं पाण्यात पडतायत. दगडावरचं समुद्रयुद्ध! महाराष्ट्रात किती वीरगळांवर असं जहाजांचं युद्ध आहे? अगदी थोड्या. आणि हे आपल्या बोरिवलीत, जिथे आपण फक्त दुकानं आणि पार्किंग शोधत फिरतो.

हे युद्ध कोणाचं? उत्तर कोकणावर तेव्हा शिलाहारांचं राज्य होतं आणि त्यांची राजधानी होती ठाणे, म्हणजे याच बेटावर. अंबरनाथचं शिवालय बांधणारं हेच घराणं. तेराव्या शतकात देवगिरीचा महादेव यादव त्यांच्यावर चालून आला. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात पळाला, तिथेही यादवांनी त्याला गाठलं आणि तो बुडून मेला. यादवांचा मंत्री हेमाद्री, आपला हेमाडपंत, त्याच्या ग्रंथात हा प्रसंग आहे. अनेक अभ्यासक एकसरच्या दगडांचं नातं १२६५ च्या सुमाराच्या याच लढाईशी जोडतात. विचार करा, एका राजघराण्याचा अंत आपल्या किनाऱ्यासमोरच्या पाण्यात झाला, आणि त्या पाण्याची आठवण सांगणारे दगड वस्तीच्या मधोमध उभे आहेत. मी गेलो त्या दिवशी एका दगडाशी कोणीतरी ताजं जास्वंद ठेवलं होतं. शेजारच्या काकांना विचारलं तर म्हणाले, “आमच्या गावचेच आहेत ना ते.” बस, एवढंच.

पुढचा इतिहास तर शाळेत शिकवतच नाहीत, किंवा शिकवतात तो मुंबईचा. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण साष्टी त्या आंदणात नव्हती! पोर्तुगीजांनी ती हातची सोडलीच नाही. म्हणजे पुढची पाऊणशे वर्षं माहीमला इंग्रज आणि खाडीपलीकडे वांद्र्याला पोर्तुगीज. आज जिथे आपण लोकलमध्ये सीट मिळवायला धडपडतो, तिथे दोन युरोपी सत्तांची सरहद्द होती!

मग आले मराठे. १७३७ मध्ये ठाणे पडलं आणि साष्टी पेशव्यांकडे आली. पोर्तुगीज वसईत आणि किनाऱ्याच्या किल्ल्यांत तग धरून होते. १७३९ च्या सुरुवातीला मढचा, म्हणजे वेसाव्याचा किल्लाही गेला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईचा रणसंग्राम आपण पोवाड्यांतून ऐकतो, पण त्याची पहिली पायरी आपल्या उपनगरांच्या जमिनीवर रचली गेली होती! साष्टीवर सदतीसएक वर्षं मराठ्यांचा अंमल राहिला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कायमची त्यांची झाली. म्हणजे इंग्रज मुंबईत येऊन शतक उलटलं तेव्हा कुठे अंधेरी-बोरिवली त्यांच्या हाती लागली.

हा सगळा इतिहास एकाच ठिकाणी बघायचा तर बोरिवली-दहिसरच्या सीमेवरच्या मंडपेश्वर लेण्यात जा. सहाव्या शतकाच्या आसपासचं शैव लेणं, आत शिवाचं नृत्य कोरलेलं. पोर्तुगीजांच्या काळात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्याचं चर्च केलं, वरच्या अंगाला मठ बांधला, एका भिंतीवर जुनं शिल्प काढून मोठा क्रूस कोरला. मराठे आले, पुन्हा देव आला. आज वर मठाच्या पडक्या भिंती, खाली शिवाची पूजा आणि भिंतीवर तो क्रूस, तिन्ही जागच्या जागी. त्या क्रुसावरून हात फिरवताना मला कोणाचाच राग आला नाही. एवढ्या शतकांचे ठसे एका हाताच्या अंतरावर असावेत याचाच आनंद झाला. अंधेरीत सीप्झच्या आवारात १५७९ च्या चर्चचे अवशेष आहेत. साथ आली म्हणून १८४० मध्ये भाविक मरोळला गेले, चर्च ओसाड पडलं. आता कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमध्ये ती दगडी दर्शनी भिंत उभी आहे आणि वर्षातून एकदा तिथे प्रार्थना होते.

ती प्रार्थना करणारे ईस्ट इंडियन लोक या बेटाचे जुने रहिवासी. घरात बोलतात ती मराठीच, त्यांच्या वळणाची. बाटलीत ठासून भरलेला त्यांचा बॉटल मसाला ज्याने चाखला तो विसरणार नाही. डोंगरात, आरेत वारल्यांचे पाडे. आणि किनाऱ्यावर कोळी: वेसावे, मढ, मनोरी, गोराई. वेसाव्याच्या कोळीवाड्यात बोंबील वाळवायच्या वलांड्यांखाली उभा राहिलो तेव्हा त्या माशांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. दोन बोंबील घेतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी काठीवर टाकतात. दोरी नाही, गाठ नाही, खिळा नाही! एका मावशींचे हात ते इतक्या झपाट्याने करत होते की डोळ्यांना पुरतं दिसेना. “मावशी, जरा सावकाश करून दाखवता?” म्हटलं तर हसल्या आणि म्हणाल्या, “सावकाश करता येत नाही रे, बाळा.”

एवढ्याशा गावांच्या या बेटावर माणसांचा पूर आला तो पूल आणि रूळ झाल्यावर. शीवचा बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. माहीम-वांद्र्याचा १८४५ चा, तो लेडी अवाबाई जमशेटजी यांच्या देणगीतून झाला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, म्हणजे देशाच्या पहिल्या प्रवासी गाडीचा मोठा टप्पा याच बेटावरून गेला. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरं महापालिकेत आली, १९९० मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. आणि २०११ च्या जनगणनेत त्या एका जिल्ह्यात ९३,५६,९६२ माणसं! तेव्हाच्या अख्ख्या स्वित्झर्लंडपेक्षा जास्त. त्याआधीच्या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३ लाखांवरून ३१ लाखांच्याही खाली आली. शहरातल्या एका माणसामागे उपनगरात तीन माणसं आहेत. वर याच बेटावर मीरा-भाईंदर आहे, जुनं ठाणे शहर आहे. मुंबई मुख्यतः कुठे राहते, याचं उत्तर साष्टी हे आहे.

आता गंमत बघा. २०१४ मध्ये सुरू झालेली पहिली मेट्रो वर्सोव्याहून, म्हणजे वेसाव्याहूनच, निघते आणि घाटकोपरला संपते, साडेअकरा किलोमीटरच्या आत. पश्चिमेच्या किनाऱ्यापासून पूर्वेच्या खाडीच्या अंगापर्यंत बेट आडवं कापणारी गाडी! सकाळी वेसाव्याला मचव्यांवरून मासळी उतरताना बघायची, दुपारच्या आत पूर्वेला जायचं, आणि हिवाळा असेल तर भांडुपच्या कांदळवनाच्या कडेला रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे बघायचे. ठाण्याच्या खाडीतलं हे पक्ष्यांचं अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळांच्या यादीत आहे, म्हणजे जगाने मान्य केलेली पाणथळ. आपण मात्र तिथून नाकाला रुमाल लावून जातो.

माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे. मुलांना सात बेटांची नावं पाठ करवून घ्या, पण आठवं नाव आधी सांगा, कारण ती त्याच्यावर झोपतात आणि उठतात. त्यांना एकसरला घेऊन जा, वीरगळांवरच्या होड्यांची वल्ही मोजायला लावा. दगड उघड्यावर आहेत, दर पावसाळ्यात थोडे झिजतात, आणि आजूबाजूची जागा सोन्याच्या भावाची आहे. महापालिकेला, पुरातत्त्व खात्याला पत्र लिहा, त्या दगडांवर नीट छत आणि शेजारी मराठीत एक फलक मागा. गिल्बर्ट हिल चढा, मंडपेश्वरला जा, महाकालीच्या जाळीतून आत डोकावा. कान्हेरीचं दार सोमवारी बंद असतं, एवढं बघून दिवस ठरवा.